फ्यूज का जातो?

जुनी मोटार बाळगणाऱ्याला फुकट सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. त्यांतला सर्वांत घातकी सल्ला म्हणजे, "फ्यूज जातोय ना? मग चांदी गुंडाळा!" सिगारेटच्या पाकिटातली चांदी, चॉकलेटचा कागद, फार काय, आकडासुद्धा फ्यूजच्या जागी बसलेला मी पाहिला आहे.

सासरेबुवांची १९८४ सालची पद्मिनी आमच्याकडे आहे. मुंबईच्या टॅक्सींतून ही गाडी २०२३ च्या ऑक्टोबरात गेली. अमरावतीस आमच्या दारात मात्र ती अजून ऐटीत उभी असते. गेल्या कार्तिकात तिच्यातून सहकुटुंब कौंडण्यपूरला गेलो. रुक्मिणीचे माहेर! वर्धेच्या काठचे हे गाव. अंबिकेच्या दर्शनाला आलेल्या रुक्मिणीला श्रीकृष्णाने येथूनच रथात घालून नेले, अशी कथा. मुलांनी नदीत मनसोक्त पाय बुडवले आणि परतताना, कुऱ्ह्याच्या अलीकडे, ऐन दिवेलागणीला गाडीचे दिवे गेले.

फ्यूज बदलला. खड्डा आला, पुन्हा गेला. जवळचे फ्यूज संपले, तेव्हा मेहुण्यांनी खिशातून चांदी काढली.

"भाऊजी, श्रीकृष्णाच्या रथाला कुठं फ्यूज होता?"

मी नको म्हणत होतो, सौभाग्यवती घड्याळ पाहत होत्या. तेवढ्यात कापसाची गाठोडी घेऊन येणारा एक ट्रॅक्टर थांबला. चालविणारा पोरगा विशीचा असेल.

"काका, फ्यूज काहून जाते थे त पाहा आंधी! चांदी लावसान त गाडीची होळी होईन."

पोरगा अगदी बरोबर बोलत होता. मोटारीत वीज तारेने दिव्याकडे जाते आणि गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत येते. तारेचे आवरण झिजून तांबे पत्र्याला टेकले, की वीज दिव्यापर्यंत जातच नाही, जवळच्या वाटेने पळते. ४५ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टच्या बॅटरीतून साडेसात अँपिअर घेतात. टेकलेली तार त्याच्या कितीतरी पट ओढते. म्हणून फ्यूज वितळतो. त्याच्या जागी जाड चांदी बसवली, तर तापायचे काम तारेकडे येते आणि ती शेजारच्या तारांना घेऊन जळते. पेट्रोलची नळी तिथून फार लांब नसते. मागे तीन मुले बसलेली!

पोराने आधी बॅटरीची पत्र्याला जोडलेली तार सोडवली, म्हणजे पान्हा कुठे टेकला तरी ठिणगी उडू नये. मग टॉर्च लावून तारांचा जुडगा बोटांनी चाचपत गेला. इंजिनामागच्या पत्र्याच्या भोकात, जिथून तारा आत येतात, तिथले रबरी कडे केव्हाच गळून पडले होते. पत्र्याची धार तारेत रुतली होती. वर उंदीरमामांनी दात लावलेले. त्याने तार टेपने गुंडाळली, सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून भोकात बसवला आणि वायपरचा फ्यूज, तेवढ्याच अँपिअरचा, काढून दिव्याला दिला. कार्तिकात वायपर कशाला हवा! पैसे घेईना, मुलांनी प्रसादाचे पेढे दिले, ते घेतले.

अमरावतीस आल्यावर पुढचा सगळा जुडगाच नवा करविला. जुन्यात हाताने पीळ देऊन जोडलेले अकरा जोड निघाले, आणि बॅटरीपासून पत्र्याला येणारी पट्टी गंजून हिरवी झालेली. ती घासून घट्ट बसवताच, कित्येक वर्षे पणतीसारखे मिणमिणणारे दिवे लख्ख पेटले.

"बल्ब बरे मिळाले हो तुम्हाला!" सासरेबुवा म्हणाले.