मंजुरीपत्रावर प्लाझ्मा पेटत नाही

एक लाख कोटी रुपयांच्या संशोधन, विकास आणि नवोन्मेष निधीला १ जुलै २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली आणि नोव्हेंबरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याचा प्रारंभ झाला. तेव्हापासून एक वाक्य वारंवार कानी पडते: पैसा मुबलक आहे, आमच्या शास्त्रज्ञांनाच तो मागता येत नाही. विज्ञानाचे विद्यार्थीही हे वाक्य पुढे पाठवतात, म्हणून त्याचा प्रतिवाद करणे मला आवश्यक वाटते.

त्या निधीचे स्वरूप आधी पाहा. तो मुख्यतः खासगी क्षेत्रासाठी आहे. अल्प किंवा शून्य व्याजाचे दीर्घ मुदतीचे कर्ज अथवा भागभांडवल या रूपाने तो मिळतो, तोही तंत्रज्ञान सिद्धतेची चौथी पायरी गाठलेल्या प्रकल्पांना. विद्यापीठाच्या भौतिकी विभागात प्लाझ्मातील एखाद्या अस्थिरतेचा अभ्यास करणाऱ्या प्राध्यापिकेने हे कर्ज घ्यावे कशासाठी आणि फेडावे कशातून? तिच्यासाठी आहे ते अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, म्हणजे एएनआरएफ. त्याची घोषणा झाली तेव्हा २०२३ ते २०२८ या काळासाठी ५०,००० कोटींचा आकडा मथळ्यांत झळकला. त्यांपैकी सरकारचा वाटा १४,००० कोटींचा. उरलेले ३६,००० कोटी उद्योग, दानशूर संस्था इत्यादींकडून यावेत अशी अपेक्षा होती. अपेक्षेला अर्थसंकल्पात शीर्ष नसते. संशोधनावरील देशाचा एकूण खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के, ही २०२०-२१ची अधिकृत आकडेवारी. हा आकडा मात्र मथळ्यात क्वचितच येतो.

आता प्लाझ्मा भौतिकीकडे येऊ. या विषयात प्रयोग करायचा तर पहिला खर्च प्लाझ्मावर होतच नाही. तो होतो निर्वातावर. पोलादी कक्ष घडवून घ्यायचा, टर्बोमॉलिक्युलर पंप बसवायचा, हेलियमने गळती शोधायची आणि आतला दाब वातावरणीय दाबाच्या अब्जांशापर्यंत खाली आणायचा. मग रेडिओ-वारंवारतेचा जनित्र, चुंबकीय वेटोळी, लँगम्यूर प्रोब, वेगवान ऑसिलोस्कोप. यांतले बरेचसे आयात होते. एक साधे गॅस्केट नीट बसले नाही तर महिना हातचा जातो. हे सारे जुळून आल्यावर कक्षात पहिल्यांदा जांभळट उजेड दिसतो आणि त्यानंतर संशोधनाला सुरुवात होते.

प्रकल्पाचे घड्याळ मात्र मंजुरीपत्राच्या दिवसापासून टिकटिकत असते. छत्तीस महिने. त्यांतून खाते उघडणे, संशोधन साहाय्यकाची जाहिरात, दरपत्रके, निविदा, तांत्रिक छाननी, सीमाशुल्क हे सगळे वजा करा. माझ्या परिचयातील बहुतेक प्रयोगशाळांत पहिले वर्ष खरेदीतच संपते, काही ठिकाणी दीड. शून्य शिल्लक खात्यांच्या व्यवस्थेत ३१ मार्चची तारीख तर कुऱ्हाडीसारखी पडते: पंप जहाजावर आहे, देयक आलेले नाही, आणि वर्षाचा न वापरलेला पैसा परत गेला. एप्रिलमध्ये तो पुन्हा मागायचा, तर आधी उपयोगिता प्रमाणपत्र द्या! वस्तू हाती नसताना तिच्या उपयोगाचे प्रमाण द्यायचे, हा आमच्या लेखाशास्त्राने लावलेला स्वतंत्र शोध म्हणावा लागेल.

मध्येच नियमही बदलतात. सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या संशोधन संस्थांना वैज्ञानिक उपकरणांवर ५ टक्के जीएसटीची सवलत होती; १८ जुलै २०२२ पासून ती रद्द झाली आणि पुष्कळ उपकरणांवर १८ टक्के लागू लागले. जुन्या दराने प्रस्ताव मांडलेल्या ४० लाखांच्या उपकरणावर हा फरक ५ लाख २० हजारांचा होतो. जेआरएफचे विद्यावेतन आज महिना ३७,००० रुपये आहे, म्हणजे वर्षाला ४ लाख ४४ हजार. करातला फरक एका विद्यार्थ्याच्या वर्षाहून मोठा निघाला, आणि तो त्याच मंजूर रकमेतून भरायचा. सरकारने एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने घेतले, आणि दोन्ही हातांनी आपापल्या वहीत नोंद मात्र नीट केली.

या विषयाची आणखी एक अडचण आहे. एका समितीने आमचा प्रस्ताव ‘हा अणुऊर्जेचा विषय’ म्हणून परत केला; दुसऱ्या समितीने ‘संमीलन कार्यक्रमाशी थेट संबंध नाही’ म्हणून. दोन्ही अभिप्राय एकेका ओळीचे होते. प्रस्तावात चूक होती की दोष होता, हे त्यांतून कळायला मार्ग नाही, मग पुढच्या वेळी सुधारायचे काय?

गांधीनगरला पैसा मिळतो आणि आम्हाला नाही, असा रडका सूर मला लावायचा नाही. आयटर प्रकल्पात भारताचा सुमारे ९ टक्के वाटा आहे. त्याच्या महाकाय क्रायोस्टॅटचे भाग गुजरातेत हजिऱ्याला घडले, याचा मलाही अभिमान आहे. पण गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था जन्मली कशी, हे जरा आठवा. १९८२ मध्ये अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या पाठबळावर एक कार्यक्रम सुरू झाला. १९८६ मध्ये त्याची संस्था झाली. १९८९ मध्ये ‘आदित्य’ टोकामाक चालू झाला. सात वर्षे. प्रेधीमन काव आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तीन वर्षांनी ‘निष्पत्ती काय’ असे विचारून दप्तर बंद केले असते, तर आज आयटरच्या बैठकीला पाठवायला आपल्याकडे माणसे असती का?

दुसरे उदाहरण धूलियुक्त प्लाझ्माचे. त्यात धूलिकणांमुळे एक मंद ध्वनितरंग असला पाहिजे, असे भाकीत १९९० मध्ये राव, शुक्ला आणि यू यांनी केले. पहिले दोघे भारतीय. तो तरंग १९९५ मध्ये प्रत्यक्ष दिसला, तो आयोवा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत. कागद-पेन्सिलीचे काम आपल्याला परवडते, म्हणून आपण ते उत्तम करतो. मध्यम आकाराचा, विद्यापीठात उभा राहणारा, विद्यार्थी घडवणारा प्रयोग मात्र आपल्या अनुदान-व्यवस्थेत कुठेच नीट बसत नाही.

जनतेचा पैसा आहे, हिशेब नको का? हवाच. जून २०२५ मध्ये वैज्ञानिक खरेदीचे नियम सैल झाले. दरपत्रकांशिवाय खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर गेली, जागतिक निविदांना २०० कोटींपर्यंत मान्यता देण्याचे अधिकार कुलगुरू व संचालकांना मिळाले. हे चांगले पाऊल आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. त्याने हिशेब बुडाला नाही. मग पुढची पावलेही टाकता येतील: प्रायोगिक प्रकल्पाची मुदत मुख्य उपकरण चालू झाल्यापासून मोजावी, मागणी-आदेश निघालेली रक्कम ३१ मार्चला परत जाऊ नये, जेआरएफचे वेतन उपकरणांच्या हप्त्यापासून वेगळे ठेवावे, नाकारलेल्या प्रत्येक प्रस्तावासोबत परीक्षकांचे पूर्ण अभिप्राय द्यावेत, आणि प्रत्येक समितीने किती प्रस्ताव आले, किती मंजूर झाले आणि पहिला हप्ता किती दिवसांनी पोहोचला, हे विषयवार दरवर्षी जाहीर करावे. यांतील पहिल्या चार गोष्टींना फारसा पैसा लागत नाही, पाचवीला तर मुळीच नाही.

तोवर, प्रायोगिक प्लाझ्मात पीएच.डी. करू इच्छिणाऱ्यांनी मार्गदर्शकांना मुलाखतीतच तीन प्रश्न विचारावेत: सर किंवा मॅडम, प्रकल्पाचे किती महिने उरले आहेत, या वर्षीचा हप्ता जमा झाला का, आणि पंप सध्या चालू आहे का? राग मानू नका म्हणावे. बहुतेक जण मानणारही नाहीत.