व्हिडिओ गेम महागले, ते योग्य आहे का?

जून 2025 मध्ये ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ हा व्हिडिओ गेम अमेरिकेत 80 डॉलरला विक्रीस आला. 1990 च्या सुमारास तेथे असा गेम साधारण 50 डॉलरला मिळे. ही वाढ अन्यायाची का? तसे म्हणता येत नाही. याच काळात तेथील सर्वसाधारण किमती दुपटीहून अधिक वाढल्या. त्या मानाने गेम स्वस्तच झाला.

पण गेम म्हणजे कांदा नव्हे. आपल्या सटाण्याच्या बाजारात येणाऱ्या प्रत्येक क्विंटल कांद्यामागे नवे रोप, नवे पाणी, नवी मजुरी लागते. गेमचा बहुतेक खर्च पहिल्या प्रतीतच होतो. चित्रकार, संगीतकार, प्रोग्रामर यांचे कित्येक वर्षांचे श्रम तिच्यात असतात. इंटरनेटवरून घेतलेली पुढची प्रत ही निव्वळ माहितीची नक्कल. तिला लागणारी वीज नगण्य असते.

म्हणूनच चोरून नक्कल करणे गैर आहे. पहिल्या प्रतीचे श्रम त्यामुळे भरून निघत नाहीत. पुण्यात तयार होऊन 2020 साली आलेल्या ‘राजी’सारख्या गेमला तर एकेक ग्राहक मोलाचा.

मात्र 80 डॉलर म्हणजे जवळजवळ 7 हजार रुपये! आपल्याकडे किती घरांना ते परवडतील? तोच गेम येथे हजार रुपयांत दिला, तर जादा प्रत काढण्यात कंपनीचे फारसे काही जात नाही. उलट जो कधीच घेणार नव्हता, तो ग्राहक होतो. किंमत वाढली याबद्दल माझी तक्रार नाही. साऱ्या जगाला एकच किंमत लावण्याबद्दल आहे.