दादांचं पुस्तक आणि आमचा प्रधान

परवा कपाट आवरताना 'एकटा जीव' पुन्हा हाती लागलं. दादा कोंडक्यांचं आत्मचरित्र, शब्दांकन अनिता पाध्ये यांचं. धूळ झटकायला म्हणून उघडलं आणि दुपार त्यातच गेली. कपाट तसंच राहिलं, त्यावरून बोलणीही खाल्ली. असो.

हे पुस्तक आमच्याकडे कायम मागच्या रांगेत. पुढच्या रांगेत डॉ. लागूंचं 'लमाण'. रांगा मीच लावलेल्या, त्यामुळे दोष कुणाला देणार? 'लमाण' म्हणजे अभ्यास आणि विनोदी नटाच्या आठवणी म्हणजे रेल्वेत वाचायचं पुस्तक, ही समजूत माझीही होती. आता ती पटत नाही.

गंभीर नाटक बरंचसं संहितेत उरतं. 'नटसम्राट' १९७० साली रंगमंचावर आलं, लागू गेले तरी शिरवाडकरांचे शब्द छापलेले आहेत, उद्या दुसरा कुणी ते उचलेल. 'विच्छा माझी पुरी करा' हेही वसंत सबनिसांनी लिहिलेलं, १९६५ सालचं. पण लोक ते पुन्हा पुन्हा बघायला जात ते दादांनी ऐन वेळी घातलेल्या भरीसाठी. त्या दिवसाच्या बातमीवर मारलेली कोपरखळी संहितेत कुठून सापडणार? 'सोंगाड्या' (१९७१), 'पांडू हवालदार' (१९७५) रिळांत राहिले, आजही बघता येतात. रंगमंचावरचा हजरजबाबीपणा मात्र त्याच रात्री विरतो. तो राहिलाच तर नटाच्या आठवणीत. म्हणून त्याने हसत हसत सांगितलेलं आयुष्य मला दस्तऐवज वाटतं. (थोड्या थापा असतील. नट आहे बाप्पा, फोडणी घालणारच!)

हे सगळं हिंगण्यात बसून लिहितोय, त्यामुळे मन आपोआप पूर्वेला वडशाकडे जातं. दिवाळी झाली की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावांत झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. मंडई असो की शंकरपट, रात्री पडदा उघडला की पहाटेच पडायचा. तिथले परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. पाच हजारांवर प्रयोग! त्यांना 'झाडीपट्टीचे दादा कोंडके' म्हणतात. कौतुकानेच म्हणतात, पण मला ते जरा टोचतं. आपल्या माणसाची उंची सांगायलाही माप मुंबईचंच का लागावं? मला वाटतं, दादांच्या गोष्टी कुणीतरी बसून उतरवून घेतल्या, म्हणूनही ते माप झाले. पाच हजार रात्रींत एका माणसाला ऐन वेळी काय काय सुचलं असेल! माझ्या कपाटात झाडीपट्टीच्या एकाही नटाचं आत्मकथन नाही. आज प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलवर आवाज टिपता येतो, समोर जाऊन बसायचं तेवढं बाकी आहे.

म्हणतो तेवढा शहाणा मीही नाही. एमआयडीसीत कामाला होतो तेव्हा आमच्या शॉपमधला एक जण गणपतीच्या नाटकात दरवर्षी विनोदी काम करायचा. एकदा तो प्रधान होता. महाराज ऐटीत दरबारात आले आणि नेमके लाइट गेले. काळोखात शिट्ट्या सुरू झाल्या. तेवढ्यात प्रधानाचा गंभीर आवाज, "महाराज, बिल भराचं राह्यलं का जी?" पाच मिनिटं मांडव हसत होता. लाइट आले तरी महाराजांना तोंड उघडता येईना. दुसऱ्या दिवशी गडी फर्स्ट शिफ्टला मशीनवर हजर.

वर्षानुवर्षं डबा एकत्र खाल्ला, पण बाकीच्या नाटकांत काय काय घडलं ते त्याला कधी नीट विचारलं नाही. तो गेल्यावर त्याच्या मुलाने नाटकाची जुनी वही दाखवली. त्याच्या संवादांखाली निळ्या पेनाने रेघा मारलेल्या. मी ती जागा शोधली. तिथे फक्त 'महाराज प्रवेश करतात, प्रधान मुजरा करतो' एवढंच लिहिलेलं होतं.