मधलं दप्तर काढा

घटक चाचणी लागली की प्राथमिक शाळेतल्या बाकावर दोघांच्या मध्ये दप्तर उभं राहतं. ‘आपापलं लिहा, शेजारी बघायचं नाही.’ चाचणीपुरतं ठीक आहे. पण कित्येक वर्गांत ते दप्तर वर्षभर हलत नाही, आणि त्याच वर्गात रोज परिपाठाला मैत्रीची बोधकथा वाचली जाते. मुलं कथा ऐकतात आणि शिकतात दप्तरावरून.

‘जग स्पर्धेचं आहे, मुलांना मऊ करून ठेवलंत तर पुढे निभाव कसा लागायचा?’ पालकसभेत हा आक्षेप हटकून येतो. स्पर्धा शिकवायला शाळाच हवी असं कुठे आहे? ‘तिला किती पडले?’ हा प्रश्न घरी दारातच उभा असतो. ‘मला जमत नाहीये, जरा दाखवतेस?’ असं आठव्या वर्षी न लाजता विचारता येणं हा मऊपणा असेल, तर तो असलेला बरा.

या मंडळींपेक्षा मला धास्ती वाटते ती दयाळूपणाच्या हौशी कैवाऱ्यांची. त्यांनी भिंतीवर तक्ता लावलाय. डबा वाटून खाल्ला, एक तारा. पडलेल्याला उचललं, दोन तारे. शनिवारी ‘गुणी मित्र’ म्हणून बिल्ला. मग बाई बघत असतील तेवढ्यापुरतंच पडलेल्याला उचललं जातं. फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांचा २००८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग २० महिन्यांच्या बाळांवर होता. मदत केल्याबद्दल ज्यांना वस्तू मिळत गेली, ती बक्षीस थांबल्यावर मदतीला कमी उठली. ज्यांना नुसती शाबासकी मिळाली किंवा काहीच मिळालं नाही, ती त्यांच्यापेक्षा जास्त वेळा उठली. बाळांवरून शाळकरी मुलांचं सगळं ठरत नाही, हे कबूल. पण तारे चिकटवण्याआधी थोडं थांबायला एवढं पुरे.

मग करायचं काय? कामच असं द्यायचं की एकमेकांवाचून ते होणार नाही. १९७१ साली अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं प्रथमच एका वर्गात आली आणि वैर पेटलं. मानसशास्त्रज्ञ इलियट अ‍ॅरन्सन यांनी उपदेश न करता धड्याचेच तुकडे केले. प्रत्येकाकडे एकच तुकडा. शेजाऱ्याचं नीट ऐकल्याशिवाय धडा पुरा होईना.

आपल्या द्विशिक्षकी शाळांत हे गरजेपोटी रोज घडतं. गुरुजी चौथीला भागाकार सांगताहेत, तोवर तिसरीतली मुलगी दुसरीतल्या पोराजवळ बसलीय. बत्तीसमधून सात वजा करायचेत. समोर दहा-दहा काड्यांचे तीन गठ्ठे, दोन सुट्या. पोरगं सुट्या काड्यांकडेच बघत बसलंय. ‘अरे, गठ्ठा सोड ना एक!’ म्हणत ती रबर काढते. मोठ्या माणसाला इतकी सोपी गोष्ट सुचत नाही, कारण आपण कुठे अडलो होतो हे तो केव्हाच विसरलेला असतो. तिचं अडणं मागच्याच वर्षीचं.

‘आमची मुलगी शिकायला जाते की शिकवायला?’ हा प्रश्न मात्र खरा आहे. अँड्र्यू बेल यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथाश्रमात मुलांकडून मुलांना शिकवून घेतलं आणि ती पद्धत इंग्लंडात गाजली, ती मुख्यतः स्वस्त म्हणून. त्यातून घडले ते मॉनिटर, मित्र नव्हेत. म्हणून पाळी फिरली पाहिजे. वजाबाकीत अडणारं पोरगं दोरीच्या गाठी, झाडांची नावं, कबड्डीचे डाव इतरांना दाखवू शकतं; वर्गात त्या गोष्टींनाही तास हवा. आणि ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हा शिक्षणहक्क कायद्याचा हिशेब आहे. त्यातली जागा रिकामी असेल तर ती भरावी, तिसरीतल्या पोरीला तिथे उभं करू नये.