अर्धी अहिंसा



"मुलीला सायन्स नको, बेडूक कापावा लागतो," हे आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या घरांत अजून ऐकू येते. हे कारण केव्हाच संपले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राणिशास्त्रातले विच्छेदन कमी करायला सांगितले आणि २०१४ मध्ये ते बंदच करायला सांगितले.

पूर्वी प्रयोगशाळेत बेडकाच्या पोटरीचा स्नायू मज्जातंतूसह काढून त्याला विजेचा झटका देत, तो कसा आखडतो ते दाखवत. पंचेंद्रिय जीव, तोही ठरवून मारलेला. ही संकल्पी हिंसा. स्वयंपाकघरातल्या आरंभी हिंसेशी तिची बरोबरी होत नाही. आणि त्यातून माणसाबद्दल किती कळे? आपण ज्या श्वासपटलाने श्वास घेतो, तो स्नायू बेडकाला नसतोच.

मग डॉक्टर होणाऱ्या मुलीने स्नायू शिकायचे कशावर? संगणकावर रचना दिसते. पण स्नायूची जाडी, हाडावरची त्याची पकड, मधून जाणारी नस हे हातालाच कळावे लागते. त्यासाठी मानवी देह लागतो. चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे देह द्यायचा कोणी? नेहमी दुसऱ्यांनीच? बेडकासाठी हळहळायचे आणि देहदानाचा विषय निघाला की पदर सावरून उठायचे, ही अर्धी अहिंसा झाली.

कोणी म्हणेल, मृतदेहात ४८ मिनिटांत संमूर्च्छिम जीव उपजतात, म्हणून दहन लवकर हवे. मग पुण्याचा मुलगा पोहोचेपर्यंत देह बर्फावर ठेवतो, तेव्हा हा हिशेब कुठे जातो? आणि चितेच्या काही क्विंटल लाकडातले किडे? जंगलाच्या जिल्ह्यात राहणाऱ्या आपल्याला वाळक्या लाकडात काय काय राहते, हे कोणी सांगायला नको.

देह पुद्गल, आत्मा वेगळा, असे आपण स्वाध्यायात रोज म्हणतो. मग त्या पुद्गलाचा एवढा मोह कशाला?

जिवंतपणी संमतीचा अर्ज भरता येतो. पण शेवटी देह सोपवायचा असतो घरच्यांनी. त्यांनी ऐनवेळी नाही म्हटले, तर आपली सही कपाटातच राहते. म्हणून येत्या क्षमावाणीला सगळे घरी जमतील, तेव्हा मुलाला, सुनेला, जावयाला समोर बसवून स्पष्ट सांगा. रडारड झाली तरी चालेल, पण सांगा.