"घरीच असते"

ईदनंतर तिसऱ्या दिवशी आमच्या सोलापूरच्या घरी एक गृहस्थ सरकारी पाहणीसाठी टॅब घेऊन आले. घरातल्या प्रत्येकाचं वय, शिक्षण, काम. उत्तरं मीच देत होतो. धाकट्या बहिणीचं शिक्षण मोठ्या अभिमानानं सांगितलं: बी.एस्सी. संगणकशास्त्र, प्रथम श्रेणी. काम? "घरीच असते." शोधते आहे का, मिळालं तर करेल का? "नाही हो, घरीच असते." ती आत त्यांच्यासाठी चहा टाकत होती.

ते गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "भाई, मी तयार आहे की नाही हे तुला कुणी सांगितलं?"

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय याच पाहणीवरून देशाचा बेरोजगारीचा दर काढतं. हाताला काम नाही, पण काम शोधते आहे किंवा मिळालं तर करायला तयार आहे, अशीच व्यक्ती त्यात बेरोजगार धरली जाते. फक्त घरकाम करणारीला कोड ९२, म्हणजे ती श्रमशक्तीच्या बाहेर. पदवीधर मुलींच्या बेरोजगारीचा आकडा आधीच मोठा आहे, आणि माझ्यासारख्या भावांनी परस्पर दिलेली उत्तरं त्यात आलेलीच नाहीत.

बाहेर भेदभाव आहेच. लेड बाय फाउंडेशननं २०२२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. सारख्याच पात्रतेचे दोन काल्पनिक बायोडाटा, एक हबीबा अलीचा, दुसरा प्रियांका शर्माचा. हजार नोकऱ्यांसाठी दोघींच्या नावानं अर्ज गेले. प्रियांकाला २०८ ठिकाणांहून होकारार्थी उत्तर आलं, हबीबाला १०३. मी तो अभ्यास तावातावानं मोहल्ल्यातल्या सगळ्या ग्रुपवर पाठवला होता.

त्याच सुमारास आमच्या कंपनीत रेफरलसाठी नावं मागवली होती. मी चुलतभावाचं दिलं, दोन मित्रांच्या भावांची दिली. बहिणीचं डोक्यातसुद्धा आलं नाही. हबीबाला डावलणाऱ्या कंपन्यांपर्यंत निदान तिचा अर्ज तरी पोचला होता.

चुलतभाऊ पुण्याला आला तो माझ्याच खोलीवर सहा महिने राहिला. कुणी विचारलं नाही की भाडं कोण भरतो, रात्री किती वाजता येतो. बहिणीचा विषय निघाला की मात्र हॉस्टेलचा खर्च, रात्रीची शिफ्ट, उद्या सासरचे काय म्हणतील, सगळं एकदम आठवतं. स्थळासाठीच्या बायोडाट्यात तिची पदवी मात्र आम्ही ठळक अक्षरात छापली आहे. (तो बायोडाटा मीच टाइप केला.)

तुमच्यापैकी जे नोकरीत आहेत, त्यांनी घरातल्या शिकलेल्या बहिणीकडे, वहिनीकडे तिचा नोकरीचा बायोडाटा मागून बघा. ती नको म्हणाली तर तो तिचा निर्णय, त्यावर वाद नाही. पण आधी विचारा तर. बायोडाट्यात चार वर्षांची गॅप असेल. ती कशी भरायची हे आपल्याला चांगलं माहीत आहे, कारण समोरच्या खुर्चीत बसून आपणच ती गॅप बघून अर्ज बाजूला टाकतो.

ही पाहणी एकाच घरी लागोपाठ चार महिने येते. पुढच्या महिन्यात ते गृहस्थ आले तेव्हा मी पुण्यात होतो. अम्मीनं फोनवर सांगितलं, या वेळी चहा तिनं टाकला आणि बहीण बाहेर येऊन बसली. काम शोधते आहे, सात ठिकाणी अर्ज केलेत, असं तिनंच सांगितलं. सरकारी कागदावर ती आता बेरोजगार आहे. सातपैकी एक अर्ज माझ्या रेफरलनं गेला आहे.