काट्याची साक्ष

अविश्वसनीय निवेदकाची साक्ष पडताळून घ्या, असे आपण वर्गात शिकवतो. मात्र जुन्या स्पोर्ट्स कारच्या ऑइल प्रेशरचा काटा उतरला, की थेट इंजिन खोलायला निघतो. ही घाई आम्हांस मान्य नाही.

माझदाच्या १९८९ सालच्या एमएक्स-५ मध्ये काटा खरा दाब दाखवीत असे. तापलेले इंजिन आयडलिंगला आले की तो खाली येई. गरम तेल पातळ होते, तेव्हा हे स्वाभाविकच. १९९५ च्या सुमाराच्या मॉडेलांपासून त्यामागे केवळ स्विच आला. किमान दाब मिळाला की काटा मध्यावर स्थिर!

म्हणून आधी डिपस्टिकवर तेलाची पातळी पाहावी. मग इंजिन तापवून स्वतंत्र यांत्रिक गेज लावावे. हजार फेऱ्यांमागे सुमारे १० पीएसआय हा जुना ठोकताळा. तिथेही दाब कमी भरला, तरच रिलीफ व्हॉल्व्ह, पंप आणि शेवटी बेअरिंगची झीज तपासावी. दाट तेल ओतल्याने काटा चढतो, झीज मात्र तशीच राहते.

भिववणाऱ्या काट्यापेक्षा खोटा दिलासा देणारा काटाच आम्हांस अधिक घातक वाटतो.